स्क्रीन प्रिंटिंगच्या जुन्या स्क्रीनवर आधीच्या डिझाइनची छाप राहतेय, फेकून द्यावी का?

लगेच फेकू नका. आधी स्क्रीन उजेडासमोर धरून बघा, जाळीची भोकं मोकळी दिसत असतील तर तो नुसता डाग आहे, बिनधास्त परत इमल्शनचं (डिझाइन उमटवायला जाळीवर लावतात तो थर) कोटिंग करा, बारीक डॉटवालं काम असेल तरच तो कधीकधी नडतो. भोकं बुजलेली असतील तर शाई नाहीतर इमल्शन अडकलंय.

क्रम महत्त्वाचा आहे, आधी शाई पूर्ण काढायची आणि मग इमल्शन, कारण शाईचा थर राहिला की खाली स्ट्रिपर (इमल्शन काढायचं केमिकल) पोचतच नाही. शाई ऑइलवाली असेल तर टर्पेंटाइन, वॉटर बेस असेल तर साधं पाणी पण ते ताबडतोब, एकदा वाळली की नुसत्या पाण्याने सहज निघत नाही. मग स्ट्रिपर दोन्ही बाजूंनी लावा, एक-दोन मिनिटं थांबा आणि जोरात पाणी मारा. फक्त तो स्क्रीनवर वाळू देऊ नका हां, वाळला तर इमल्शन असं पक्कं बसतं की नवीन कापड ताणण्याशिवाय इलाज नाही. काहीजण स्वस्तात ब्लीच वापरतात, चालतं, पण त्यात ॲसिड कधीच मिसळू नका, विषारी गॅस होतो. शेवटी डिग्रीझर (जाळीचा तेलकटपणा काढणारं केमिकल) मारून नीट वाळवा, नाहीतर पुढच्या कोटिंगला पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी भोकं, येतात.