घरी मोहाची दारू गाळून विकायचा छोटा धंदा महाराष्ट्रात कायदेशीर करता येतो का?

नाही, परवान्याशिवाय अजिबात नाही, आणि विकायचं सोडा, स्वतःला प्यायला गाळली तरी गुन्हाच. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चं कलम ६५ वाचा (मी तेच बघून सांगतोय), त्यात दारू गाळणं, भट्टी चालवणं, बाटल्या भरणं, विकणं हे सगळं तर आहेच, पण नुसती गाळायची भांडी न् सामान घरात ठेवलं तरी अडकता, म्हणजे ड्रममध्ये मोहाचा सडवा (दारूसाठी आंबवायला भिजवलेली मोहफुलं) घातला की एक थेंब गळायच्या आधीच केस. परवाना राज्य उत्पादन शुल्कवाल्यांकडून घ्यायचा, शेड बांधायच्या आधी. फक्त वर्धा-गडचिरोलीत असाल तर विषय सोडाच, तिथे जिल्हाभर दारूबंदी आहे. गोव्यात मात्र काजू फेणीच्या गावठी भट्टीलाही रीतसर परवाना मिळतो.