दीड अंश गाठायचा की राखायचा?

प्रश्न असा आला आहे : 'दीड अंशाचे लक्ष्य गाठण्यात जगाला अपयश' या जागतिक तापमानवाढीवरच्या बातमीच्या मथळ्यात 'लक्ष्य' बरोबर की 'उद्दिष्ट'?

नामाचं नंतर पाहू. मला आधी खटकलं ते क्रियापद. मुक्काम गाठतात, शिखर गाठतात, शंभरी गाठतात. जिथे पोचायची ओढ असते ते गाठायचं. दीड अंशाला पोचायची ओढ कुणाला आहे? मथळा शब्दशः घेतला तर तापमान तिथवर चढलंच नाही, म्हणजे आनंदाचीच बातमी!

२०१५च्या पॅरिस करारात म्हटलं आहे ते असं : जगाच्या सरासरी तापमानातली वाढ औद्योगिकीकरणापूर्वीच्या तुलनेत २ अंशांच्या बरीच खाली राखायची आणि ती १.५ अंशावर थोपवण्यासाठी झटायचं. राखणं, थोपवणं. दोन्ही क्रियापदं आवर घालणारी. म्हणून इथे लक्ष्यही नको आणि उद्दिष्टही नको, सरळ 'मर्यादा' म्हणावं. 'वाढ दीड अंशाच्या आत राखणे' हे तर त्याहून सोपं.

मात्र 'मर्यादा ओलांडली' जरा जपून लिहावं. आपल्या कानाला त्यात 'झालं, संपलं' असं ऐकू येतं. २०२४ हे दीड अंशाच्या वर गेलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष, हे खरं. पण करारातली वाढ एका वर्षावर ठरत नाही, अनेक वर्षांच्या सरासरीवर ठरते.

मग लक्ष्य कुठे? जिथे आकडा आणि मुदत दोन्ही आहेत तिथे. १९९७च्या क्योटो करारात औद्योगिक देशांनी मिळून २००८ ते २०१२ या काळात हरितगृह वायूंचं (उष्णता धरून ठेवणाऱ्या, कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचं) उत्सर्जन १९९०च्या तुलनेत किमान ५ टक्के कमी करायचं ठरलं. हे लक्ष्य, आणि ते खुशाल गाठावं. (फक्त त्यातला 'य' गाळू नये. 'लक्ष' द्यायचं असतं.) उलट हवामान बदलाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९२च्या मूळ आराखडा करारात हरितगृह वायूंचं हवेतलं प्रमाण धोका टळेल अशा पातळीवर स्थिर करायचं म्हटलं आहे, आकडा दिलेला नाही. ते उद्दिष्ट. 'ध्येय' माणसांसाठी ठेवावं. करारात ते भाषणासारखं वाटतं.

जाता जाता 'निव्वळ शून्य' या 'नेट झिरो'च्या भाषांतराबद्दल, कारण तिथे घोटाळा मोठा आहे. 'निव्वळ नफा' म्हणजे खर्च वजा जाता उरलेला. पण 'निव्वळ थापा' म्हणजे नुसत्या थापा. रोजच्या बोलण्यात हा दुसरा अर्थच जास्त, त्यामुळे 'निव्वळ शून्य उत्सर्जन' वाचणाऱ्याला धूर पार बंद होणार असं वाटतं. तसं नाही. जेवढं हवेत सोडलं तेवढं जंगलांनी, जमिनीनं किंवा यंत्रांनी परत शोषलं, की हिशेब शून्य. मी 'नेट झिरो' तसंच ठेवतो आणि पहिल्या उल्लेखाला 'सोडलेलं आणि शोषलेलं सारखं' एवढं जोडतो.