"पोलीस केस आहे, दुसरीकडे न्या" असं सांगितलं तर

कोपरखैरण्याहून लिहिलेली तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. दीड वर्षाच्या मुलीने डासांच्या मशीनची रिफिल तोंडाला लावली, सासूबाई मिठाचं पाणी पाजा म्हणाल्या, तुम्ही पाजलं नाही. जवळच्या नर्सिंग होमने मात्र "पोलीस केस होते" म्हणत दारातूनच परत पाठवलं. मुलगी आता घरी आहे, बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना असं परत पाठवता येतं का, हा तुमचा प्रश्न. नाही, अजिबात येत नाही.

मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

मिठाचं पाणी दिलं नाहीत, फार चांगलं केलंत. त्या रिफिलमध्ये डासांचं औषध जरासं, बाकी बहुतेक वास काढलेलं रॉकेलच असतं. ते पोटापेक्षा फुप्फुसात जास्त घात करतं आणि उलटी करवली की नेमकं तिकडेच उतरतं. मिठाच्या पाण्याने लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम वाढून जिवावर बेततं, ते आणखी वेगळंच.

आमच्या धाकट्याच्या बाबतीत हेच झालं होतं. घोडबंदर रोडवरच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. तो सारखा ठसकत होता. काउंटरवरच्या माणसाने केसपेपरवर नाव लिहिलं, काय झालं विचारलं आणि "लिक्विड प्यायलाय" म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. "एमएलसी होते मॅडम, आम्ही घेत नाही." एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवावी लागते ती. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर त्याच्या समोर टेबलावर पडलेलं होतं, तेसुद्धा कोणी लावलं नाही. काचेच्या दारामागे डॉक्टर बसलेले दिसत होते, ते उठले नाहीत. तिथून कळव्याच्या महापालिका रुग्णालयात निघालो तर कापूरबावडीला ट्रॅफिक. पोचेपर्यंत पोराच्या नाकपुड्या फुलत होत्या, श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत होता. एक्स-रेत न्यूमोनिया निघाला, ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. आधीच्यांनी ऑक्सिजन लावून ॲम्ब्युलन्समधून पाठवलं असतं तरी पुरे होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आणि ती पोलीस केस म्हणजे काय, तर हॉस्पिटलने चौकीला कळवलं, हवालदार आले, काय झालं ते विचारून जबाब लिहून घेतला आणि गेले. बस्स, एवढंच.

परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्याचे उपचार आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर. तेव्हा काउंटरवर वाद घालत बसू नका. ड्यूटी डॉक्टरला बाहेर बोलवा आणि "तपासणार नसाल तर तसं लिहून द्या" म्हणा. माझ्या मते यावर बहुतेक जण नरमतात, पण नाहीच ऐकलं तर वेळ न घालवता १०८ लावा. याहून बरं म्हणजे मूल ठणठणीत असतानाच जवळच्या दोन-तीन ठिकाणी विचारून ठेवा, विषबाधेची केस घेता का आणि रात्री मुलांचे डॉक्टर असतात का. दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा टोल-फ्री नंबर चोवीस तास चालतो, तो फोनमध्ये सेव्ह करा. बाटली किंवा रिकामं पाकीट सोबत न्या, म्हणजे नक्की काय घेतलं ते डॉक्टरांना कळतं.

मूल खेळतंय म्हणून गाफील राहू नका. रॉकेलजन्य काही प्यायल्यावर निदान सहा तास तरी डॉक्टरांच्या नजरेखाली असावं. उंदराच्या पेस्टचं तर विचारूच नका. पिवळा फॉस्फरस असलेली पेस्ट पोटात गेली तर एक-दोन दिवस फारसं काही जाणवत नाही असं होतं, मग लिव्हर जाऊ शकतं. तिथे "घरी जा, काही वाटलं तर या" कोणी म्हटलं तरी ऐकू नका, मोठं हॉस्पिटल गाठा.

सोसायटीत दारावर येणारे फिनेल-ॲसिडवाले पाण्याच्या जुन्या बाटल्यांत माल देतात, ते घेणं आजच बंद करा. ॲसिडवरही उलटी करवायची नाही, वर येताना घसा पुन्हा भाजतो.

आणि ॲडमिट व्हावं लागलंच, तर डिस्चार्जच्या वेळी एमएलसीची प्रत मागून घ्या, मेडिक्लेमवाले ती मागतात.