वायफाय बंद करण्याआधी स्क्वाडमध्ये कोण आहे ते विचारा

प्रिय ताई,

आठवीतला मुलगा रोज संध्याकाळी मोबाईलवर बीजीएमआय हा ऑनलाइन बंदुकीचा खेळ खेळत बसतो, सोसायटीतल्या मुलांबरोबर क्रिकेट खेळायला उतरत नाही, आणि तुम्ही वायफाय बंद केलंत त्या रात्री तो न जेवता झोपला. मोबाईल काढूनच घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

इतक्यात नको. आधी त्याच्या स्क्वाडमधले, म्हणजे खेळातल्या चौघांच्या संघातले, बाकीचे तिघे कोण ते विचारा. वर्गातलेच असतील तर मधल्या सुट्टीतल्या गप्पाही त्याच मॅचच्या असणार. मोबाईल गेला की तो तिथेही बाजूला पडेल. पण त्यांची खरी नावं त्याला सांगता येत नसतील, नुसती खेळातली टोपणनावं ठाऊक असतील, तर तुमची काळजी रास्त आहे. मग ऑटो मॅचिंग (अनोळखी खेळाडू आपोआप संघात जोडणं) बंद आणि खेळ फक्त ओळखीच्यांबरोबर. नकाशाशेजारचे माईक आणि स्पीकर दोन्ही 'ऑल'वरून 'टीम'वर आणायला सांगा, म्हणजे परक्यांच्या शिव्या कानावर पडणार नाहीत. अधूनमधून हॉलमध्ये, हेडफोन न लावता खेळू दे.

आता त्या रात्रीचं भांडण. ही मॅच मध्येच थांबवता येत नाही. एरांगेलच्या नकाशावर शेवटपर्यंत टिकलं तर जवळपास अर्धा तास जातो. साथीदार नॉक झाला, म्हणजे गोळी लागून खाली पडला, की त्याला उठवायला धावावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच वायफाय गेलं तर मुलाला वाटतं, आपण मित्राला तोंडघशी पाडलं. म्हणून वेळ मॅचवर मोजा: शाळेच्या दिवशी दोनच, आणि साडेसातनंतर नवी सुरू करायची नाही. १८ वर्षांखालच्यांना खेळातच दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे, पण खातं उघडताना वय खरं टाकलं असेल तरच. ते एकदा बघून घ्या. तसे ३ तासही शाळेच्या दिवशी फारच झाले.

एक दिवस जेवला नाही म्हणून त्याला व्यसनी म्हणू नका, कृपा करून. जागतिक आरोग्य संघटना गेमिंगचा विकार म्हणते तेव्हा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसूनही खेळत राहणं हे सहसा १२ महिने तरी दिसावं लागतं. शाळा बुडू लागली, झोप उडाली तर मात्र वाट बघू नका. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

आणि क्रिकेट नेमकं कधीपासून सुटलं? मोठी मुलं बॅटिंग देत नाहीत, दिवसभर फिल्डिंगच करायला लावतात, कुणीतरी चिडवतं, असं काही असेल तर तो मोबाईलच्या आधीच खाली जायचा थांबला असेल. स्क्वाडमधले ते तिघे वर्गातलेच असतील तर रविवारी त्यांना घरी बोलवा. दोन मॅच झाल्या की पोहे द्या आणि चौघांना बॅट घेऊन एकदमच खाली पाठवा.