इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरला कोणता व्हॉल्व्ह अॅम्प?

प्रश्न : माझ्याकडे क्वाड कंपनीचे जुने ईएसएल, म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आहेत, १९५७ साली बाजारात आलेलं मॉडेल. ५० वॅटचा पुश-पुल (जोडीने आळीपाळीने काम करणाऱ्या, काचेच्या निर्वात नळ्यांचा) व्हॉल्व्ह अॅम्प मिळतोय. या स्पीकरना झेपेल का?

उत्तर : वॅट बाजूला ठेवा, व्होल्ट बघा. या स्पीकरमध्ये अतिशय पातळ प्लास्टिकची फिल्म ताणलेली असते आणि तिच्यावर हजारो व्होल्टचा भार असतो. अॅम्पकडून येणारं व्होल्टेज आतला ट्रान्सफॉर्मर कैक पटींनी वाढवतो. ते मर्यादेबाहेर गेलं की ठिणगी पडते आणि फिल्मला भोक पडतं. तुमच्या मॉडेलला शिखराला, म्हणजे सिग्नलच्या सर्वोच्च क्षणी, ३३ व्होल्टच सोसतात. क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर यांनी याच्यासोबत स्वतःचा क्वाड टू अॅम्प वापरला. केटी६६ व्हॉल्व्हची जोडी, १५ वॅट, म्हणजे १६ ओहमवर शिखराला जेमतेम २२ व्होल्ट.

तुमचा ५० वॅटचा अॅम्प १६ ओहमच्या टॅपवर (स्पीकरच्या ओहमनुसार अॅम्पला दिलेल्या वेगळ्या जोडणीवर) ४० व्होल्टपर्यंत पोचेल. तिथे तारा अजिबात जोडू नका. ४ ओहमच्या टॅपवर तोच अॅम्प २० व्होल्टच्या आसपास थांबतो. शिवाय या टॅपवर अॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्सही (प्रवाहाला होणारा विरोध, ओहममध्ये) १६ ओहमच्या टॅपच्या चौथा हिस्साच असतो. हा स्पीकर अॅम्पला कपॅसिटरसारखा दिसतो. बासमध्ये त्याचा इम्पीडन्स भरपूर, पण २० हजार हर्ट्झला तो २ ओहमच्या आसपास उतरतो. अॅम्पचा इम्पीडन्स जास्त असला तर वरचे सूर तिथेच अडतात. तेव्हा अॅम्प घ्या, पण विकणाऱ्याला एक नक्की विचारा : कपॅसिटरच्या लोडवर, म्हणजे असा स्पीकर जोडल्यावर, हा स्थिर राहतो का? भरपूर फीडबॅक (आउटपुटचा काही भाग इनपुटकडे परत नेणं) असलेले काही अॅम्प अशा लोडवर ऑसिलेट होतात, म्हणजे स्वतःहूनच कंप पावू लागतात.

प्रश्न : ३००बी व्हॉल्व्हच्या सिंगल-एंडेड (जोडीऐवजी एकाच व्हॉल्व्हवर चालणाऱ्या) अॅम्पवर माझा फार जीव आहे. तो चालेल?

उत्तर : तुमचा जीव का जडलाय ते मला कळतं, तरी मी नाही म्हणेन. जेमतेम ८ वॅट, आणि फीडबॅक नसेल तर आउटपुट इम्पीडन्स बहुधा २-३ ओहम. गायकाचा आवाज गोड लागेल, पण तंबोऱ्याची जवारी बोथट होईल. इलेक्ट्रोस्टॅटिक घ्यायचा तो त्या जवारीसाठीच.

प्रश्न : पावसाळ्यात डावा स्पीकर तडतडतो आणि आवाजही बारीक होतो. व्हॉल्व्ह बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. आधी अॅम्प बंद करा आणि मग त्याच्या तारा स्पीकरमधून काढा. अॅम्प बंदच ठेवून स्पीकरचा मेन्स चालू करा. तरीही तडतड आली तर अॅम्पचा दोष नाही. भारित फिल्म धूळ ओढून घेते, हवा दमट झाली की त्या धुळीतून भार गळतो आणि आवाज बसतो. कोकणपट्टीत हे हमखास होतं. खोलीत डीह्युमिडिफायर लावा. त्यानेही भागलं नाही तर पॅनेल जाणकाराकडून तपासून घ्या. मागची जाळी स्वतः उघडू नका : आत ६००० व्होल्टपर्यंत दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

प्रश्न : स्पीकर दुरुस्तीला गेलेत, तोवर अॅम्प नुसता चालू ठेवला तर?

उत्तर : मुळीच नको. लोड नसताना सिग्नल गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. चालू करायचाच असेल तर आधी टर्मिनलवर ८ ओहमचा, पुरेशा वॅटचा रेझिस्टर जोडा.