एक्स-रे ओके, तरी ब्लॉक गळतोय? आधी झेड कुठे होता ते सांगा

गोकुळ शिरगावच्या मित्राची पोस्ट वाचली: 316एल स्टेनलेस स्टीलच्या पावडरमधून लेझरने थरावर थर वितळवत प्रिंट केलेला हायड्रॉलिक ब्लॉक, डीपी केला तर अख्खा लालेलाल, एक्स-रे रिपोर्ट ओके, आणि 160 बारला बाजूने घाम फुटतोय. दुखणं ओळखीचं आहे, म्हणून जरा लांबड लावतो. कोल्हापुरात सांगायला नको, तरी बाहेरच्यांसाठी: डीपी म्हणजे लाल डाय लावून पृष्ठभागावर तोंड असलेले दोष शोधणं, आरटी म्हणजे एक्स-रे किंवा गॅमा किरणांनी आतला फोटो, यूटी म्हणजे अल्ट्रासाऊंडने तपासणी.

प्लेटवरून वायरकटने कापायच्या आधी पीसवर झेड, म्हणजे थर चढत गेले ती दिशा, मार्क केली होती का? नसेल तर तो रिपोर्ट फाईलला लावण्यापुरता. मला सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. मार्क नाही, स्केच नाही, आणि लॅबनेही विचारलं नाही. पीस टेबलावर बसला तसा ठेवला, एकच शॉट मारला, स्टील कास्टिंगच्या दोषांच्या नमुना फिल्मशी (एएसटीएम ई446) ताडला आणि शिक्का हाणला. नाव घेत नाही. पण पैसे घेताना ड्रॉइंग मागायचं आणि शॉट मारताना बघायचं नाही, ही कुठली पद्धत?

कास्टिंगचा ब्लो होल गोल असतो, कुठूनही बघा, दिसतो. प्रिंटमधला लॅक ऑफ फ्युजन, म्हणजे थर नीट न वितळल्याने एकमेकांना न चिकटलेली जागा, हा भाकरीचा सुटलेला पापुद्रा: चपटा, थराच्या पातळीत पसरलेला. हिशोब करा. किरणांच्या वाटेत 20 मिमी धातू आहे, पापुद्रा 2 मिमी रुंद आणि त्याची फट 0.05 मिमी. किरण झेडच्या दिशेने गेले तर वाटेत पोकळी फक्त 0.05 मिमी, म्हणजे पाव टक्का. 2 टक्के सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे जाडीतला 2 टक्के फरक दाखवणाऱ्या फिल्मवर ती कधीच येणार नाही. किरण थराला समांतर गेले तर पूर्ण 2 मिमी, म्हणजे 10 टक्के. पण 5 अंश कलले की 0.6 मिमीसुद्धा उरत नाही. 15 अंशाला 0.2. आत न वितळलेली पावडर अडकली असेल तर कॉन्ट्रास्ट आणखी पडतो.

म्हणून शॉट झेडला काटकोनात, एकमेकांना 90 अंशांत दोन. सोर्स 700 मिमीवर असेल तर मध्यापासून 60 मिमी वरच्या थराला किरण आधीच 5 अंश तिरके लागतात. उंच पीस असेल तर सोर्स वर-खाली सरकवून दोन-तीन शॉट घ्यायला लावा. 20 मिमीपेक्षा पातळ स्टीलला इरिडियम-192 (गॅमा किरणांचा सोर्स) नको, एक्स-रे ट्यूबच मागा. यूटीचं गणित बरोबर उलटं: प्रोब झेडच्या दिशेने मारायचा, म्हणजे पापुद्रा समोरून लागतो. मात्र रेफरन्स ब्लॉक, म्हणजे यूटी मशीन सेट करायचा नमुना, त्याच प्रिंट मशीनवर, त्याच दिशेत छापलेला हवा. रोल्ड स्टीलचा चालणार नाही, कारण प्रिंटमधल्या धातूचे दाणे खांबासारखे झेडकडे वाढलेले असतात आणि आवाजाचा वेग दिशेनुसार बदलतो.

डीपी लाल होणारच. प्रिंटच्या खडबडीत कातडीत डाय अडकून बसतो, त्यात दोष कुठला आणि खड्डा कुठला कळत नाही. शॉट ब्लास्ट मारून गुळगुळीत करायला जाल तर दोषांची तोंडंच बुजतील. आधी मशीनिंग, मग हलका ॲसिड एच, म्हणजे ॲसिडने वरचा पातळ थर खाऊन काढणं (मशीनिंगनेही धातू तोंडावर लिंपला जातो), मग डीपी. एचिंग ज्यांचा रोजचा धंदा आहे त्यांच्याकडेच द्या.

सीटी (एक्स-रेने थ्रीडी स्कॅन) करा असं कुणीतरी सुचवेलच. पैसे भरण्याआधी व्हॉक्सेल, म्हणजे स्कॅनमधल्या सगळ्यात लहान ठोकळ्याची साईज विचारा. 150 मिमीचा पीस 2000 पिक्सेलच्या डिटेक्टरवर घेतला तर व्हॉक्सेल 75 मायक्रॉन, आणि दोष दिसायला साधारण तीन व्हॉक्सेल लागतात. म्हणजे 225 मायक्रॉनच्या खालचं धरून चालू नका. एचआयपीने (गरम करून चहूबाजूंनी गॅसच्या दाबाखाली दाबणं) आतली छिद्रं दाबली जातात, पण पृष्ठभागाला किंवा बोअरला तोंड असलेली बंद होत नाहीत. तुमचा ब्लॉक गळतोय म्हणजे तोंड आहेच.

(हे सगळं साध्या इंडस्ट्रियल पीससाठी. एरोस्पेसचं काम असेल तर ग्राहकाचा स्पेक आधी, माझं मत नंतर. प्रिंट केलेल्या एरोस्पेस पीसच्या तपासणीचं मार्गदर्शक, एएसटीएम ई3166, तेवढं वाचून ठेवा.)

आता हातातल्या पीसचं. वेल्डिंगने बुजवू नका, पुरावा जाईल. घाम फुटतो ती उंची खालून मोजा. समजा 38 मिमी. खाली सपोर्ट 4 मिमी होता आणि थर 0.04 मिमीचा, तर 42 भागिले 0.04, म्हणजे थर क्रमांक 1050. प्रिंट करणाऱ्याकडून त्याच्या आगेमागे पन्नास थरांचा मशीन लॉग मागा. घाम एकाच उंचीवर चारी बाजूंनी असेल तर बिल्ड (प्रिंटिंग) मध्येच थांबून पुन्हा सुरू झालाय का बघा. एकाच बाजूला असेल तर मशीनमधला गॅस फ्लो आणि उडालेल्या स्पॅटरवर (वितळलेल्या धातूचे थेंब) संशय घ्या. लॉग देत नसतील तर तिथेच झेडला समांतर कापा, पॉलिश करा, 100 पट मोठं करून बघा. चपट्या फटीत पावडरचे गोल दाणे दिसले की फोटो काढून त्यांना पाठवा.