अल्पाका घ्यायचाय? आधी एवढं वाचा

अभिनंदन, पण एकच पिल्लू "बघू जमतंय का" म्हणून आणू नका हं, अल्पाका हा उंटाच्या कुळातला, लोकरीसाठी पाळला जाणारा कळपातला प्राणी, एकटा पडला की झुरतो, कमीत कमी तीन तरी हवेत. सुरुवातीला खच्ची केलेले नर घ्या, पैदाशीचं नंतर बघू, मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि पिल्लू एकच होतं, त्यामुळे झटपट कमाईचा हिशोब डोक्यातून काढूनच टाका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लोकरीवर विश्वास ठेवणं. लांबून गुबगुबीत दिसतो आणि आत नुसती हाडं, माझं एक जनावर असंच गेलं, जंतांनी पोखरलेलं आणि मला पत्ताच नाही. दर दोन आठवड्यांनी पाठीच्या कण्यावर हात दाबून बघा, हे प्राणी आपलं दुखणं शेवटपर्यंत दाखवत नाहीत.

बाकी:
- उन्हाळ्याआधी वर्षातून एकदा लोकर कापायचीच, सावली आणि पाणी कायम.
- नखं वाढतात, कापत राहा.
- नर पिल्लाला बाटलीने पाजून लाडावू नका, मोठा झाला की माणसाच्या अंगावर येतो.

थुंकतात म्हणून घाबरू नका, बहुतेक वेळा ते चाऱ्यावरून आपसातलं भांडण असतं, आपण फक्त मधे उभे असतो. लेंड्या मात्र ठरलेल्या जागीच टाकतात, साफसफाईला एवढं सोपं जनावर मी दुसरं पाहिलं नाही.